चुना, सरस आणि नवस : बव्हेरियाच्या डोंगरपायथ्याची चर्चेस



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला आधीच गाठून विचारलं, ‘आम्ही यंदा जर्मनीला चाललोय, पाहण्यासारख्या चर्चेसची यादी मिळेल ना?’ मिळेल, पण शेवटी. यादी आधी दिली तर तुम्ही ती लिहून घ्याल आणि चहाला निघून जाल, हा माझा अनुभव आहे. आणि खरं सांगायचं तर यादीपेक्षा एक प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ही चर्चेस बांधली कोणी, पैसे कोणी दिले, आणि आज ती उभी आहेत ती कोणामुळे? त्याचं उत्तर राजेरजवाडे असं नाही. म्हणूनच मला हा विषय घ्यावासा वाटला.

पडद्यावर पहिलं चित्र बघा. हिरवं कुरण, मागे आल्प्सची रांग, आणि कुरणाच्या कडेला एक फिकट रंगाचं, तसं साधंच दिसणारं चर्च. आजूबाजूला गाव म्हणावं असं काही नाही. चार-दोन घरं, शेतं, गाई. याला ‘वीसकिर्शं’ म्हणतात. जर्मन भाषेत ‘वीस’ म्हणजे कुरण, ‘किर्शं’ म्हणजे चर्च. म्युनिकपासून नैर्ऋत्येला शंभरेक किलोमीटरवर, फ्युसेन गावापासून पंचवीसेक किलोमीटरवर. आता हे दुसरं चित्र, त्याच दारातून आत गेल्यावरचं. तुमच्या तोंडून आत्ता जो आवाज निघाला ना, तोच तिथे दारात उभं राहिलं की सतत ऐकू येतो, जगातल्या सगळ्या भाषांत. पांढऱ्याशुभ्र भिंती, सोनेरी वेलबुट्टी, चहूबाजूंनी प्रकाश, आणि वर छत असं काही नाहीच, आकाश उघडलंय असा भास.

आता गंमत सांगतो. यातलं जवळजवळ काहीच ‘खरं’ नाही. वर घुमट नाही. छपराच्या तुळयांना टांगलेलं, लाकडी पट्ट्यांवर गिलावा केलेलं बऱ्यापैकी उथळ छत आहे. घुमटाचा भास रंगाने आणलाय. जे संगमरवरी खांब वाटतात त्यांतले पुष्कळसे जिप्समचे. पांढरे पुतळे दगडाचे वाटतात, पण ते लाकडाचे आहेत, वरून पांढरा रंग देऊन घोटलेले. सोनं आहे, पण वर्खाच्या जाडीचं.

मग ही फसवणूक का? तर नाही. ती त्या लोकांची कला होती आणि त्यांचा धंदाही. आधी त्या धंद्याबद्दल बोलू.

वीसपासून उत्तरेला वेसोब्रुन नावाचं एक गाव आहे. तिथे बेनेडिक्टिन पंथाचा जुना मठ होता. जर्मन भाषेतल्या अगदी सुरुवातीच्या लिखाणापैकी एक प्रार्थना, साधारण इसवी सन ८०० च्या सुमाराची, याच मठाच्या नावाने ओळखली जाते. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं ते मठाच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांतल्या माणसांचं. जमीन बेताची, हिवाळा लांब, शेतीवर सगळ्यांचं भागणं कठीण. सतराव्या-अठराव्या शतकांत इथल्या घराघरातले पुरुष गिलाव्याच्या नक्षीकामात तयार झाले. वेसोब्रुनच्या अशा सहाशेहून अधिक कारागिरांची नावं आज माहीत आहेत. एवढ्याशा जागेतून सहाशे! आपल्याकडे एखाद्या गावचे पाथरवट किंवा एखाद्या गावचे ताशेवाले प्रसिद्ध असतात, तसं. बाप, मुलगा, जावई, पुतण्या अशी टोळी वसंतात बाहेर पडायची, वर्षभरातलं काम उरकायची आणि थंडी पडायच्या आत परतायची. गोठणाऱ्या थंडीत ओला गिलावा टिकत नाही, त्यामुळे हंगाम निसर्गानेच ठरवून दिलेला.

काम कसं करायचे तेही ऐका, म्हणजे तिथे गेल्यावर डोळे कुठे लावायचे ते कळेल. जिप्सम, चुना आणि वाळू यांचं मिश्रण. जिप्सम फार पटकन घट्ट होतं, चुना फार हळू. दोन्हींच्या प्रमाणावर आणि थोडा सरस घालून कारागीर आपल्याला हवा तेवढा वेळ विकत घ्यायचा. सरळ पट्ट्या, चौकटी यांना फरमा फिरवायचे. पण पानं, शिंपले, फुलांच्या माळा, हे जागेवर, हाताने, छोट्या थापीने. म्हणजे परातीवर चढून, मान वर करून, मसाला आळायच्या आत पान वळवायचं. चुकलं तर खरवडून पुन्हा. त्यामुळे नीट पाहिलंत तर एका पानासारखं दुसरं पान नसतं.

आणि तो नकली संगमरवर? जिप्सममध्ये सरसाचं पाणी आणि रंग घालून कणकेसारखे गोळे मळायचे, निरनिराळ्या रंगांचे गोळे एकत्र दाबायचे, त्यांच्या चकत्या कापून खांबावर बसवायच्या, आणि वाळल्यावर दगडाने घासत घासत शेवटी तेल-मेण लावून आरशासारखं चमकवायचं. हे स्वस्तातलं काम होतं असं अजिबात समजू नका. घासण्याची मजुरीच एवढी, की ते करणं ही गरिबी नव्हती, आवड होती. खरा दगड जे रंग देत नाही ते यात मिळत. ओळखायचं कसं? खरा संगमरवर हाताला गार लागतो, हा तितका गार लागत नाही. (पण कृपा करून हात लावून बघू नका, तिथले सेवक ओरडतात. मला ओरडले आहेत.)

या वेसोब्रुनच्या परिसरात दोन भाऊ जन्मले. योहान बाप्टिस्ट त्सिमरमान, १६८० साली, आणि डोमिनिकुस त्सिमरमान, १६८५ साली. दोघेही गिलाव्याच्या कामातून वर आलेले. थोरला पुढे चित्रकारही झाला, धाकटा वास्तुकार. थोरल्याला म्युनिकच्या दरबाराचं काम मिळालं. म्युनिकबाहेर निम्फेनबुर्गच्या बागेत ‘अमालिएनबुर्ग’ नावाचा छोटा शिकारमहाल आहे, १७३४ ते १७३९ मध्ये बांधलेला. त्याचा वास्तुकार फ्रान्स्वा क्यूविये. हा माणूस दरबारात आला तो ठेंगू विदूषक म्हणून; राजाने त्याची बुद्धी ओळखून त्याला पॅरिसला शिकायला पाठवलं. तो तिथून फ्रेंच दरबाराची नवी फॅशन घेऊन आला, तीच रोकोको. त्या शिकारमहालाच्या आरसेमहालात चांदीच्या रंगाची जी नक्षी आहे ती थोरल्या त्सिमरमानची. आणि वीसच्या कुरणातल्या चर्चच्या छतावरची चित्रंही त्याचीच. एकच हात. तिथे राणीच्या शिकारीसाठी, इथे अनवाणी आलेल्या यात्रेकरूंसाठी. फ्रान्समध्ये रोकोको मुख्यतः दिवाणखान्यात राहिली. बव्हेरियात ती देवळात शिरली आणि शेतकऱ्यांची झाली.

बरोक आणि रोकोकोत फरक काय, हा प्रश्न नेहमी येतो, तर थोडक्यात उरकतो. बरोक आली आल्प्स ओलांडून, इटलीतून. जड, भारदस्त, गडद रंग, प्रकाश एका ठिकाणाहून नाटकातल्यासारखा पडणारा. रोकोको त्यानंतरची. पांढरा रंग, भरपूर खिडक्या, आणि शिंपल्यासारखी वळणारी नक्षी, जिची डावी-उजवी बाजू मुद्दाम सारखी नसते. नावसुद्धा शिंपल्या-खडकांच्या सजावटीच्या फ्रेंच शब्दावरून आलंय. पण प्रत्यक्षात दोन्ही एकाच छपराखाली सापडतात, तेव्हा तिथे उभं राहून वाद घालू नका.

आता वीसची गोष्ट. ही मला मराठी श्रोत्यांना सांगायला सोपी जाते, कारण आपल्याला ‘नवस’ आणि ‘जागृत देवस्थान’ हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.

जवळच श्टाइनगाडेन नावाचा मठ होता, ११४७ साली स्थापन झालेला. १७३० मध्ये तिथल्या मठवासीयांनी गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी ख्रिस्ताची एक मूर्ती तयार केली. चाबकाचे फटके खाणारा, खांबाला साखळदंडाने बांधलेला ख्रिस्त. नवीन कोरली नाही. जुन्या मोडक्या लाकडी मूर्तींचे हातपाय जोडले, सांधे दिसू नयेत म्हणून वरून कापड लावलं, रंग दिला, रक्त दाखवलं. काही वर्षं ती मिरवली. मग लोकांना ती फारच करुण, बघवेना अशी वाटायला लागली, म्हणून अडगळीत गेली. तिथून ती १७३८ मध्ये वीसमधल्या एका शेतकरी कुटुंबाकडे आली. त्या घरातली बाई, मारिया लोरी, मूर्तीपुढे प्रार्थना करायची. १४ जून १७३८ च्या संध्याकाळी तिला मूर्तीच्या चेहऱ्यावर थेंब दिसले. तिने ते अश्रू मानले.

पुढचं तुम्हीच सांगू शकाल. बातमी पसरली. माणसं यायला लागली. आधी शेतात एक लहानशी देवळी बांधली, ती पुरेना. मग आजूबाजूच्या राज्यांतून, दूरदूरून यात्रा सुरू झाली. मठाला ठरवावं लागलं, की या गर्दीचं करायचं काय.

काळ लक्षात घ्या. १७४० पासून बव्हेरिया ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धात अडकलेला होता. बव्हेरियाचा राजा सम्राट झाला खरा, पण त्याच्या स्वतःच्या राज्यात शत्रूचं सैन्य बसलेलं. एप्रिल १७४५ मध्ये तह झाला, तोही याच भागात, फ्युसेनला. आणि त्या तहानंतर लगेच, राज्य कंगाल झालेलं असताना, कुरणातल्या चर्चचं काम सुरू झालं. डोमिनिकुस त्सिमरमान तेव्हा साठीला आला होता. १७४९ मध्ये वेदीचा भाग तयार झाला, १७५४ मध्ये संपूर्ण चर्च. अंदाजपत्रक होतं सुमारे ३९ हजार गुल्डनचं. प्रत्यक्ष खर्च गेला १ लाख ८० हजारांच्या घरात. आपल्याकडच्या पुलांची आठवण झाली असेल तर मी काही बोलत नाही.

हा खर्च मठाच्या मानगुटीवर बसला, कर्ज झालं, आणि ज्या मठाधिपतीने काम पूर्ण करून घेतलं त्या मारियानुस मायर यांनी १७७२ मध्ये पद सोडलं. आता पैसा मठाचा म्हणजे कोणाचा? तर यात्रेकरूंच्या दानपेटीतला काही, आणि बाकी खंडाचा. त्या काळी बव्हेरियातल्या निम्म्याहून अधिक शेतकऱ्यांचे जमीनमालक म्हणजे चर्च आणि मठ होते. छतावरच्या प्रत्येक सोनेरी पानामागे कोणाचा तरी धान्याचा वाटा आहे, हे विसरून त्या सौंदर्याकडे बघता येत नाही. पण उलट बाजूही बघा. तेच मठ शाळा चालवत, औषधं देत, आणि वेसोब्रुनच्या त्या कारागिरांना काम देत. मी दोन्ही बाजू सांगतो, कारण जर्मन इतिहासकार यावर दोनशे वर्षं भांडताहेत आणि माझ्या एका व्याख्यानाने ते मिटणार नाही.

डोमिनिकुस मात्र काम संपल्यावर गेलाच नाही. मोठमोठ्या ठिकाणी कामं केलेला हा माणूस चर्चच्या शेजारी घर करून राहिला आणि १७६६ मध्ये तिथेच वारला. नवस फेडताना लोक लाकडावर छोटं चित्र रंगवून चर्चमध्ये टांगत, आजारातून उठलो, बैल वाचला, मूल झालं, असं. तशीच एक पाटी त्याची आहे, १७५७ सालची. मूर्तीपुढे गुडघे टेकलेला एक माणूस. एवढं प्रचंड काम स्वतः केलेल्या माणसाची सहीसुद्धा बाकीच्या नवसकऱ्यांच्या रांगेत.

आत गेल्यावर बघायचं काय ते सांगतो, कारण बहुतेक लोक पाच मिनिटं वर बघून, फोटो काढून बाहेर येतात. छतावर मध्यभागी ख्रिस्त इंद्रधनुष्यावर बसलाय. एका टोकाला, वेदीच्या बाजूला, एक सिंहासन आहे. रिकामं. ते अंतिम न्यायाच्या दिवसाचं सिंहासन. विरुद्ध टोकाला, ऑर्गनच्या वर, एक मोठं दार रंगवलंय. बंद. ते अनंतकाळाचं दार. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की यापुढे काळ उरणार नाही. म्हणजे काय? न्यायाधीश अजून आसनावर बसलेला नाही आणि दार अजून उघडलेलं नाही. मधे अवकाश आहे. दयेला अजून वेळ आहे. आता विचार करा, युद्ध, रोगराई, खंड यांतून आलेली बाई खाली उभी आहे. तिला लिहितावाचता येत नाही. पण मान वर केली की तिला हे चित्र कळतं. आधीच्या काळातली अशी अनेक चित्रं नरकाने भीती घालतात. इथे नरक कुठेच ठळक नाही.

वेदीजवळचे खांब बघा, लाल आणि निळे. लाल रक्ताचा, निळा स्वर्गाचा असं तिथे समजावतात. आणि सभागृहातले चार मोठे पांढरे धर्माचार्य बघा, फ्युसेनच्या आंटोन श्टुर्मने कोरलेले. त्यांच्या वस्त्रांच्या घड्या लाकडाच्या आहेत हे तिथे उभं राहूनही पटत नाही.

आता या सगळ्याचा शेवट. रोकोकोचा अंत दोन टप्प्यांत झाला आणि दोन्ही वेळा तो कागदावर झाला. पहिला ४ ऑक्टोबर १७७० ला. बव्हेरियाच्या राजाने फर्मान काढलं, की खेड्यातली चर्चेस आता साधी बांधायची. फाजील गिलाव्याची नक्षी आणि हास्यास्पद सजावट नको. पुस्तकी शहाणपणाचं युग आलं होतं. ते फर्मान निघालं तेव्हा वीस पूर्ण होऊन जेमतेम सोळा वर्षं झाली होती! सबंध बव्हेरियन रोकोकोचा बहर चाळीसेक वर्षांचा. आपण ज्याला ‘परंपरा’ म्हणून बघायला जातो ती दोन पिढ्यांची गोष्ट आहे.

दुसरा टप्पा जास्त क्रूर. नेपोलियनच्या युद्धांत ऱ्हाइनच्या पश्चिमेचा मुलूख फ्रान्सने घेतला. ज्या जर्मन राजांचं नुकसान झालं त्यांना भरपाई कुठून द्यायची? चर्चच्या मालमत्तेतून. २५ फेब्रुवारी १८०३ ला तसा ठराव झाला, आणि बव्हेरियात मंत्री मोंटगेलास यांनी तो अत्यंत काटेकोरपणे अमलात आणला. मठ बंद. सरकारी अधिकारी आले, याद्या केल्या, चांदीची भांडी वितळवायला पाठवली. ग्रंथालयांतलं मौल्यवान ते म्युनिकला नेलं, उरलेलं बरंचसं रद्दीच्या भावाने कागदाच्या गिरण्यांना गेलं. बेनेडिक्टबॉयर्नच्या मठात याच वेळी मध्ययुगीन गाण्यांचं एक हस्तलिखित सापडलं, तेच ‘कार्मिना बुराना’. पुढे १९३७ मध्ये कार्ल ऑर्फने त्यातल्या गाण्यांना नवं संगीत दिलं. आणि त्याच रिकाम्या झालेल्या मठात भिंगांसाठी काच बनवण्याचा कारखाना निघाला, जिथे फ्राउनहोफर काम करायचा. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातल्या त्या काळ्या रेषा, शाळेत शिकलेल्या, त्या फ्राउनहोफरच्याच. म्हणजे सगळं वाईटच झालं असंही नाही. इतिहास असा अवघड असतो.

पण वेसोब्रुनचं काय झालं? ज्या गावाने अर्ध्या युरोपची चर्चेस सजवली त्या गावचं स्वतःचं मठाचं चर्च पाडलं. त्याचे दगड जवळच्या वाइलहाइम गावाला आगीनंतरच्या बांधकामासाठी गेले. आज तिथे जुना एकाकी घंटाघर-मनोरा आणि मठाची एक इमारत उरली आहे. तिच्या लांबलचक ओवरीतलं छत बघितलं की कळतं काय गेलं ते. रोटेनबुखला आणि श्टाइनगाडेनला मठाच्या इमारतींचा बराच भाग पाडला, पण चर्च वाचलं, कारण ते गावचं चर्च म्हणून वापरता येत होतं.

वीसला मात्र गावच नव्हतं! कुरणात उभं एक महागडं, रिकामं चर्च. सरकारच्या हिशेबात त्याचा उपयोग शून्य. ते लिलावात काढायचं किंवा पाडायचं, असा बेत होता. तेव्हा आसपासच्या शेतकऱ्यांनी अर्ज केले, मागे लागले आणि ते वाचवलं. मला इथे नेहमी थांबावंसं वाटतं. मठ त्यांचा जमीनमालक होता. मठ गेल्याचा त्यांना आनंद व्हायला हरकत नव्हती. शिवाय मठ गेला तरी त्यांचा खंड काही गेला नाही. मालक बदलला, आता खंड सरकारला. जमीनदारी पद्धत सुटायला १८४८ उजाडावं लागलं. अशा माणसांनी पदरमोड करून, वेळ घालवून, एका चर्चसाठी सरकारदारी भांडावं. त्यांच्या लेखी ते मठाचं नव्हतंच, आपलं होतं. त्यांच्याच कोणा आजीने ते अश्रू पाहिले होते ना! १९८३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आज तिथे दरवर्षी लाखो लोक येतात.

आता एक प्रश्न आलाय चिठ्ठीवर, तो आत्ताच घेतो कारण चांगला आहे. ‘गोव्यातल्या चर्चेसशी याचा काही संबंध लागतो का?’

लागतो, आणि ओढूनताणून नाही. जुन्या गोव्यात सेंट कॅजेटनचं चर्च आहे, मोठा घुमट असलेलं. बॉम जीझसच्या गर्दीत लोक तिकडे कमी जातात. ते बांधलं थिएटाइन पंथाच्या इटालियन धर्मगुरूंनी, सतराव्या शतकाच्या मध्यावर, रोमच्या सेंट पीटर्सचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून. आता म्युनिकच्या मध्यवस्तीत ओडेओन्सप्लाट्झ चौकात जा. पिवळं, दोन मनोऱ्यांचं चर्च. तेही थिएटाइन पंथाचं, तेही सेंट कॅजेटनचं, तेही रोमचाच नमुना घेऊन, आणि सुरू झालं १६६३ मध्ये. म्हणजे एकाच पंथाने एकाच संताच्या नावाने जवळपास एकाच काळात मांडवीकाठी आणि इझार नदीकाठी चर्च उभं केलं. म्युनिकचं का बांधलं? राणीचा नवस! सव्हॉयची आडेलहाइड लग्न होऊन आली, वर्षं गेली, मूल होईना. वारस झाला तर चर्च बांधीन असं ती बोलली. १६६२ मध्ये मुलगा झाला. कारागीर तिने इटलीहून आणवले. आतला पांढराशुभ्र गिलावा बघून पुढच्या पिढीतले वेसोब्रुनचे लोक शिकले, आणि मग पन्नासेक वर्षांत इटालियनांना बोलवायची गरजच उरली नाही. फरक एवढाच, की गोव्यात हाताशी जांभा दगड आणि चांगलं लाकूड होतं म्हणून वेद्या कोरीव, मुलामा दिलेल्या लाकडाच्या झाल्या. बव्हेरियात जिप्सम होतं म्हणून गिलावा फुलला.

आता तुमची यादी. वेळ दोनच दिवस असेल तर फ्युसेनला किंवा ओबरआमरगाऊला मुक्काम करा. वीसला सकाळी लवकर पोचा, बस यायच्या आधी. ऊन आत शिरतानाचा तो तास वेगळाच असतो. तिथून श्टाइनगाडेनला जा, बाहेरून आठशे वर्षांपूर्वीची भक्कम दगडी वास्तू आणि आत रोकोको, हा धक्का अनुभवण्यासारखा आहे. मग रोटेनबुख, तिथेही तसंच, जुन्या मध्ययुगीन चर्चला १७३७ ते १७४६ मध्ये श्मुत्सर पितापुत्रांनी गिलाव्याचा नवा अंगरखा चढवला. हेही वेसोब्रुनचेच. एट्टालचा मठ १३३० सालचा, बारा बाजूंचा, १७४४ च्या आगीनंतर नव्याने सजवलेला. तिथे खराखुरा घुमट आहे, तो वीसनंतर बघा म्हणजे तुलना होते. तिथे साधू १९०० मध्ये परतले आणि आजही आहेत. ओबरआमरगाऊचं नाव तुम्ही ऐकलं असेल, १६३३ च्या प्लेगमध्ये गावाने नवस बोलला तो दर दहा वर्षांनी ख्रिस्ताच्या यातनांचं नाटक करून आजही फेडतात. (नवस, नवस आणि नवस. मी तरी काय करू.)

आणखी एक दिवस असेल तर आमरझे तळ्याकाठचं डीसन. तिथली मुख्य वेदी म्हणजे चक्क रंगमंच आहे. मधलं मोठं चित्र खाली उतरवता येतं आणि सणाप्रमाणे मागे वेगळा देखावा मांडता येतो. ते बांधलं योहान मिखाएल फिशरने. म्युनिकला त्याच्या थडग्यावर लिहिलंय, की याने ३२ चर्चेस आणि २३ मठ बांधले. पश्चिमेला ओटोबॉयर्नचं अवाढव्य चर्च त्याच्याच हाताने पूर्णत्वाला गेलं, १७६६ मध्ये. तिथे रीपने बांधलेले दोन ऑर्गन आहेत, उन्हाळ्यात त्यांवर वाजवताना ऐकायला मिळालं तर सोडू नका.

आणि म्युनिकमध्येच असाल, बाहेर जायला वेळ नसेल, तर सेंडलिंगर रस्त्यावरचं आझाम बंधूंचं चर्च. दोन इमारतींच्या मधे चेपलेलं, जेमतेम आठ मीटर रुंद. कलावंत भावांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या घराशेजारी, स्वतःसाठी बांधायला घेतलं. लोकांनी आग्रह धरला म्हणून सगळ्यांना खुलं करावं लागलं. एगिड आझामच्या घरातल्या एका खिडकीतून वेदी दिसायची. ते गडद आहे, वीसच्या अगदी उलट. आत गेल्यावर डोळे सरावायला दोन मिनिटं द्या.

प्रवेश सगळीकडे मोफत आहे, पण ही चालती चर्चेस आहेत. उपासना चालू असेल तर बाहेर थांबायचं. वीसच्या बाहेर तळलेल्या गोड पुऱ्यांसारखा एक पदार्थ मिळतो, तो गरम असतानाच खायचा. हं, आता बाकीच्या चिठ्ठ्या द्या.